मावळतीनंतरचा गूळ

कोल्हापूर, १९ जानेवारी २०२५

जिनू,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे न फोडताच टाकून दिलं असशील, तर प्रश्नच मिटला. फोडलं असशील तर तुझ्या त्या दोस्तावर, धवलवर, चिडू नकोस. तुझा रायपूरचा पत्ता त्याच्याकडून मी जवळजवळ हिसकावून घेतला. नऊ वर्षं तू बहिणीचा फोन उचलत नाहीस, तेव्हा बहिणीनं करावं काय? पोस्टाला कुणी ब्लॉक करू शकत नाही, एवढंच सुख.

घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. अण्णा बरे आहेत. मी माझ्याविषयी लिहितेय.

मला साखर निघाली. म्हणजे अजून आत आलेली नाही, उंबरठ्यावर उभी आहे. शाळेत तपासणी शिबिर होतं. डॉ. स्नेहल म्हणून एक तरुण मुलगी आली होती. तिनं रिपोर्ट बघायच्या आधी माझी मान बघितली. मानेवरचा तो काळा पट्टा आठवतो ना? तू लहानपणी ओरडत सुटायचास, ‘अक्काची मान धुवा, अक्काची मान धुवा.’ डाळीचं पीठ झालं, लिंबू झालं, एकदा तर मी भांड्याची घासणी लावून कातडं सोलवटून घेतलं. तर ही पोरगी म्हणते, “मॅडम, तो मळ न्हाई, घासू नका. तुमच्या अंगात इन्सुलिन भरपूर तयार होतंय, पण शरीर त्याचं ऐकत न्हाई. म्हणून आणखी तयार होतंय. त्याची खूण हाय ती.”

मी म्हटलं, म्हणजे आमची नववी ब. मी ओरडते, ती ऐकत नाहीत, मग मी आणखी ओरडते.

ती हसली. म्हणाली, “आणि एक दिवस तुमचा आवाज बसतो. तो दिवस यायच्या आत वजन उतरवायचं.”

एक गोळी दिली आहे, पण खरं औषध म्हणजे कमी खाणं आणि जास्त चालणं. म्हणजे गुळाच्या अडतीत वाढलेल्या, गुळाच्या गणपतीसारख्या बाईला गूळ बंद.

तसाच पट्टा आईच्या मानेवर होता. आपण कुणी तो कधी मनावर घेतला नाही. तुझं रक्तही तेच आहे, तेव्हा एकदा तपासून घे. एवढंच सांगायचं होतं.

तुझी अक्का

कोल्हापूर, ९ मार्च

जिनू,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. तरी लिहितेय, कारण माझ्याबरोबर वाद घालायला घरात आता कुणी नाही.

वजन उतरायला लागलं. आधी भाजी, मग घट्ट आमटी, मग एक भाकरी, आणि भात शेवटी, मांजरानं सोडल्यासारखा. जेवून लगेच बसायचं नाही, गच्चीत फेऱ्या. स्नेहलनं अंड्याचं विचारलं, मी नुसतं तिच्याकडे बघितलं. बटाटा सोडा म्हणाली. म्हटलं, बाई, तो आमच्या सात पिढ्यांनी आधीच सोडलाय. मग तिनं विचारलं, रात्रीचं जेवण किती वाजता? मी म्हटलं, आम्ही जैन, दिवस मावळायच्या आत. तिनं पेन खाली ठेवलं. म्हणाली, “मग निम्मं काम झालं. तुमचा नियम माझ्या गोळीपेक्षा भारी हाय.”

मी बिल देऊन बाहेर पडले आणि दवाखान्याच्या पायरीवर बसले. आपल्या घरातल्या नियमांचं कुणी कौतुक केलं की मला तू आठवतोस. तू क्रिकेटहून अंधार करून यायचास आणि उपाशी झोपायचास. अण्णा म्हणायचे, “दिवस गेला, ताट गेलं.” आई आत तोंड फिरवून भांडी लावत बसायची.

आणि आई गेली त्या वर्षीचं दशलक्षण पर्व. दहा दिवस एकाशन करते म्हणाली होती, एक वेळ जेवते. त्या दिवशी मात्र तिनं पुरा उपवास धरला आणि तुझ्यापासून लपवला, कारण तू फार्मसी शिकणारा, तू तिला रागावला असतास. तू रोजच्यासारखी तिला इन्सुलिनची सुई दिलीस आणि कॉलेजला गेलास, परतलास तो अंधार पडल्यावर. मी तेव्हा कागलच्या शाळेत होते आणि तिथंच राहायचे. एसटीनं घरी पोचले तोवर तिची शुद्ध गेली होती. मग दवाखान्याच्या व्हरांड्यात, सगळ्या नातेवाइकांसमोर अण्णांनी विचारलं, “सुई कुणी दिली?” सगळ्या माना तुझ्याकडे वळल्या, माझीही वळली. गाव आईच्या पाया पडलं, व्रतात गेली, पुण्यवान बाई म्हणून. आठवड्याच्या आत तू घर सोडलंस आणि फार्मसीही.

हे मी का उगाळतेय ते सांगते. परवा बस्तीत भगवंतांच्या दर्शनाला गेले होते. हातकणंगल्याची मावशी आली होती, आईची चुलत बहीण. वेदीपुढं तांदूळ वाहत होती. मी शेजारी जाऊन उभी राहिले, तिनं मान वळवली आणि तिच्या मुठीतले तांदूळ सगळे खाली सांडले. “राजमती?” म्हणाली. मग स्वतःच माझ्या गालावर हात फिरवून रडायला लागली.

घरी येऊन आरशात बघितलं. मला सगळे अण्णांच्या तोंडवळ्याची म्हणायचे. ते सगळं वरचं मांस होतं, जिनू. ते उतरलं आणि खालून आई निघाली. शेवटच्या वर्षातली, गालाची हाडं वर आलेली, डोळे मोठे झालेली. मी हसून बघितलं, तर ती हसली.

अण्णा बरे आहेत. हल्ली माझ्याकडे बघत बसतात, एवढंच.

अक्का

कोल्हापूर, ४ मे

जिनू,

अण्णा बरे आहेत असं मी दोनदा लिहिलं. ते खोटं होतं.

दोन वर्षं झाली, त्यांना विसरायला होतंय. आधी चष्मा, मग रस्ता, मग माणसं. मार्केट यार्डातला गाळा मी भाड्यानं दिला. ज्या श्रीपाल अण्णांनी नखानं गूळ खरवडून जिभेवर ठेवला की कुठल्या गावचा ते सांगावं, ते आता जेवले की नाही तेही विचारतात. तरी मी त्यांना कायम चंदना होते. परवापरवापर्यंत.

आता मी राजमती आहे.

दिवसा नाही. दिवसा कधी चंदना, कधी शाळेतल्या बाई, कधी कोणीच नाही. पण ऊन भिंतीवरून वर सरकायला लागलं की त्यांची चुळबुळ सुरू होते. खिडकीशी जाऊन बघतात, परत येतात, माझ्या तोंडाकडे बघतात, परत खिडकीशी. एकदा माझा हात धरून उलटा करून बघितला, पालथा करून बघितला. “कापतोय का गं?” म्हणाले. मी म्हटलं, नाही अण्णा. तर दचकून हात सोडला आणि भिंतीला लागून बसले.

आणि गूळ. माझ्या उशीखाली गुळाचा खडा सापडतो. पर्समध्ये सापडतो, देवघरात माझ्या आसनाखाली, चपलेत सुद्धा. कुठून आणतात कळत नाही, डबा मी वरच्या फळीवर ठेवलाय. मुंग्यांच्या रांगेवरून मला समजतं की अण्णा इथं येऊन गेले. आधी मला राग यायचा. साखरेच्या बाईला गूळ पुरवणारा बाप! आता राग येत नाही, भीती वाटते. ते माझ्यासाठी ठेवत नाहीत ना, त्यांना दिसते तिच्यासाठी ठेवतात.

मग मी एक मूर्खपणा केला. खायला लागले. शाळेत निरोप समारंभाचा शिरा, शेजारच्या मोनावहिनीच्या घरचं श्रीखंड, भात ताटभर. गाल भरून यावेत, आईनं जावं, म्हणून. आणि खरोखर गेली की. तीन आठवड्यांत चेहरा गोल झाला आणि एका संध्याकाळी अण्णा म्हणाले, “चंदना, चहा टाक की जरा.” मी न्हाणीत जाऊन रडले.

साखर मात्र उंबरठा ओलांडून आत आली. स्नेहलनं रिपोर्ट टेबलावर आपटला. “मॅडम, एवढं छान उतरवलंत आणि हे काय? आवाज बसवायचाच ठरवलंय काय?” कारण सांगितलं नाही. काय सांगणार, की मी बारीक झाले की आमच्या घरात मेलेली बाई येते?

आता परत भाकरी एक आणि भात मांजरासारखा. म्हणजे ती परत येणार. माझा जीव वाचवायचा तर अण्णांचा जीव खायचा, असा पेच पडलाय. तू असतास तर काहीतरी उर्मट बोलला असतास आणि मला बरं वाटलं असतं.

अक्का

कोल्हापूर, २० जुलै

जिनू,

हे वाचून तू मला शिव्या घालशील. घाल.

ती परत आली. या खेपेला मी तिला अडवलं नाही, उलट हाताला धरून घरात आणली. आईची चॉकलेटी इरकली साडी काढली, तिच्यासारखा डोक्यावरून पदर घेतला आणि ऊन उतरताना स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी जाऊन बसले, ती बसायची तिथं. मला जाणून घ्यायचं होतं की तो हात कोणाचा, तो गूळ कशाचा. चंदनाला ते कधी सांगणार नव्हते. सांगितलं असतं तर राजमतीलाच.

अण्णा आले, समोर बसले. “आलीस व्हय?” म्हणाले. मी आईसारखं नुसतं ‘हं’ केलं.

मग ते बोलले, बराच वेळ. इतकं सलग ते वर्षभरात बोलले नव्हते.

काय बोलले ते लिहायला बसले आणि कागद फाडले. सख्ख्या बापाला फसवून काढलेली गोष्ट आहे ती, आणि ती ऐकल्यापासून मला त्यांच्या ताटात वाढावंसं वाटत नाही. आज एवढंच. सुई तू दिलीस, पण आई सुईनं गेली नाही. तू ये. समोर बसवून सांगते.

अक्का

कोल्हापूर, ३० ऑगस्ट

जिनू,

धवलचा फोन आला होता. तू निरोप दिलास म्हणे, ‘अक्काला सांग, जुनं उकरू नको, पत्रं बंद कर.’ म्हणजे पत्रं वाचतोस. बरं वाटलं. आणि येणार नाहीस हेही कळलं. तेव्हा समोर बसवून सांगायचं राहू दे, इथंच लिहिते. परवापासून दशलक्षण सुरू झालंय. सगळ्या गल्लीत उपवास आहेत आणि माझ्याच्यानं आणखी दाबून ठेवणं होत नाही.

अण्णांचे शब्द जसे आठवतात तसे लिहितेय.

“राजमती, तू गूळ मागितलास. ‘अहो, हात कापाय लागलाय, डोळ्यापुढं अंधार येतोय, जिभेला जरा गूळ लावा,’ म्हणालीस. मी डबा उघडला बी होता. खडा हातात घेतलाता. आणि खिडकीतनं बघितलं तर दिवस गेलता. म्हटलं, नियम हाय राजमती. एवढं केलंस, आता सकाळपतूर कळ काढ. णमोकार म्हणूया. तू म्हणाय लागलीस माझ्यामागनं. मग अर्ध्यातच थांबलीस. मला वाटलं, झोप लागली. बरं वाटलं मला, की व्रत न्हाई मोडलं. खडा परत डब्यात ठेवला.”

मग म्हणाले, “दवाखान्यात डॉक्टर इचाराय लागला, साखर एवढी उतरली, कुणी काय गोड कसं दिलं न्हाई? सगळी माझ्याकडं बघाय लागली. घरात मीच एकटा होतो की. मला तोंड न्हवतं. मग मी इचारलं, सुई कुणी दिली.”

हे एवढंच आहे, जिनू. एक गुळाचा खडा. ज्याच्या गाळ्यात गुळाच्या ढेपा छतापर्यंत रचलेल्या असायच्या, त्याची बायको जिभेला लावायच्या गुळापायी गेली. तू दिलेली सुई रोजचीच होती. उपवास तिनं लपवला. आणि मागितलेला गूळ त्यांनी दिला नाही. डॉक्टरला उत्तर द्यायचं धैर्य नव्हतं, म्हणून त्यांनी तुला पुढं ढकललं, एकवीस वर्षांच्या पोराला.

बोलून झाल्यावर त्यांनी बंडीच्या खिशातनं गुळाचा खडा काढला, कापूस आणि धागे चिकटलेला. माझ्यापुढं धरला. “आता घेतीस काय?”

बाहेर दिवस मावळला होता. आई गेली त्या दिवसापासून मी मावळतीनंतर पाणीसुद्धा घेतलेलं नाही. तिनं जीव देऊन पाळलेला नियम आपण मोडू नये, असं मला वाटायचं. आणि मला त्यांचा इतका संताप आला होता की तो खडा घेऊन भिंतीवर फेकावासा वाटला. मी उठले आणि आत जाऊन दार लावून घेतलं. ते तसेच हात पुढं करून बसले होते. मी बघितलं आणि तरी दार लावलं.

तेव्हापासून रोज मावळतीला ते तसेच बसतात, हात पुढं करून. बघवत नाही. मुंग्या त्यांच्या बोटांवर चढतात आणि ते झटकत नाहीत.

आता तुला ठाऊक झालं. नऊ वर्षं तू जे वागवलंस ते तुझं नव्हतं. टाकून दे.

अक्का

कोल्हापूर, ८ सप्टेंबर, क्षमावाणी

जिनू,

आज सगळे एकमेकांची क्षमा मागतात. सकाळपासून फोन चालू आहेत, ज्यांच्याशी वर्षभर बोलणं नाही त्यांचेसुद्धा. अण्णा दर वर्षी आजच्या दिवशी सगळ्या मार्केट यार्डापुढं हात जोडून यायचे. तुझं नाव मात्र या घरात कुणी काढायचं नाही. ते का, हे आता मला कळतं. ज्याच्याकडे खरी मागायची होती, त्याच्याकडे मागायला तोंड नव्हतं.

मीही कुणाला फोन केला नाही. तुला लिहायचं होतं.

परवा अनंत चतुर्दशी झाली. पर्वाचा शेवटचा दिवस, आणि बाहेर गणपतीची मिरवणूक. ढोलांनी खिडकीच्या काचा थरथरत होत्या. मी उपवास केला नव्हता, स्नेहलनं बजावलं होतं. दिवस असताना जेवून घेतलं आणि अण्णांनाही भरवलं. मग ऊन गेलं. मी आईची साडी नेसले नव्हते, माझीच शाळेची होती. पण त्यांना आता साडी लागत नाही.

आले, समोर बसले, हात पुढं केला. “घे की गं. नियम माझ्या माथी. पाप लागंल ते मला लागू दे. तू घे.”

जिनू, मी त्यांना माफ केलेलं नाही. तू कर असंही म्हणणार नाही, ते तुझं तू बघ. पण त्या म्हाताऱ्याचा हात कापत होता. आईचा कापत होता तसाच, मला वाटतं. आणि मागणाऱ्याचा हात कापत असताना खिडकीतनं दिवस बघायचा, हे एकदा या घरात होऊन गेलं होतं. दुसऱ्यांदा माझ्या हातून होऊ द्यायचं नव्हतं.

मी तोंड उघडलं. त्यांनी तो खडा माझ्या जिभेवर ठेवला. जानेवारीनंतर पहिल्यांदा गूळ, आणि आई गेल्यानंतर पहिल्यांदा अंधार पडल्यावर काही खाल्लं. फार गोड लागला, इतका की डोळ्यांतनं पाणी आलं. अण्णा माझ्या तोंडाकडे बघत होते, मी गिळेपर्यंत बघत राहिले. मग माझा हात धरून उलटा केला, पालथा केला.

“थांबला कापायचा,” म्हणाले.

मी म्हटलं, “थांबला हो.”

त्यांनी केवढा श्वास सोडला. नऊ वर्षं धरून ठेवलेला असावा. भिंतीला टेकले, डोळे मिटले. मला वाटलं झोपले. पण जरा वेळानं डोळे न उघडताच म्हणाले, “पोरगं आलं न्हाई अजून. अंधार झाला. त्याचं ताट झाकून ठेव, राजमती.”

मी उठले आणि ताट झाकून ठेवलं. भाकरी, मुगाची उसळ, चटणी. सकाळी ते तसंच होतं. रात्री पुन्हा ठेवलं.

आता व्यवहाराचं. दुसऱ्या दिवशी साखर बघितली, एका खड्यानं काही बिघडलं नाही. गूळ परत बंद आहे. अण्णांनीही त्यानंतर हात पुढं केलेला नाही, मुंग्या गेल्या. वजन उतरतंय आणि मी ते उतरू देणार आहे. मानेवरचा पट्टाही फिकट व्हायला लागलाय, म्हणजे तुझी ती जुनी कुचेष्टा संपली. पण चेहरा आता हाच राहणार. तेव्हा आधीच सांगून ठेवते, दार उघडल्यावर घाबरून मागे फिरू नकोस. ती आई नसेल, मी असेन.

अण्णा तुला ओळखतील की नाही, सांगता येत नाही. ओळखलं तर ‘सुई बरोबर दिलीस’ असं म्हणतील की नाही, तेही नाही. मी त्याची वाट बघत नाही, तूही बघू नकोस. ते मी लिहून दिलंय, माझ्या सहीनं.

रायपूरहून यायचं म्हणजे कोल्हापुरात अवेळीच उतरशील. अंधार झाला म्हणून स्टँडवर सकाळपर्यंत बसून राहू नकोस. सरळ घरी ये. आपल्या घरात आता दिवस मावळल्यावरही जेवायला मिळतं.

तुझी
अक्का